जमिनीवर उभं राहून रानाचं छत कसं बघावं

तिलारीच्या किंवा अंबोलीच्या रानात पहिल्यांदा आलेली माणसं परतताना बहुतेक एकच गोष्ट सांगतात: रान छान होतं, पण दिसलं काहीच नाही. मला ते ऐकून फार वाईट वाटतं. कारण ती ज्या पायवाटेनं चालून गेली, तिच्या वर पंधरा-वीस मीटरवर त्या वेळी शेकरू खात होतं, धनेश एका झाडावरून दुसऱ्यावर जात होता आणि आमरीच्या (ऑर्किडच्या) मुळांशी मुंग्यांची ये-जा चालू होती.

सदाहरित रानात ऊन वरच्या वरच अडतं. दाट जागी जमिनीपर्यंत पोचतो तो शंभरातला एखाद-दुसरा भाग. जिथं ऊन तिथं कोवळं पान आणि फूल, जिथं पान-फूल तिथं अळी आणि फळ, आणि त्यांच्या मागोमाग पक्षी, खारी, वटवाघळं, साप. रानाचा आठवडी बाजार वरच्या मजल्यावर, म्हणजे झाडांच्या माथ्यांनी मिळून झालेल्या छतात भरतो आणि आपण तळमजल्यावर उभे असतो.

मी सावंतवाडी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना घेऊन रानात जाते तेव्हा माझ्याकडे दोर नसतात, शिडी नसते आणि कुणाला झाडावर चढवायची माझी तयारीही नसते. जगात यासाठी मोठी साधनं वापरली जातात. पनामात १९९० साली बांधकामाची उंच क्रेन रानात उभी करून शास्त्रज्ञ शेंड्यांपर्यंत पोचले. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनतुरैच्या रानात बंगळुरूच्या एट्री संस्थेच्या टी. गणेश आणि सौबद्रा देवी यांनी झाडांच्या माथ्यावर जाऊन फुलं, फळं आणि त्यांच्यावर येणारे प्राणी वर्षानुवर्षं अभ्यासले. ते काम ज्याचं त्यानं करावं. पण खालून, दोन पायांवर उभं राहूनसुद्धा छत पुष्कळ कळतं. ते कसं, हे सांगण्यासाठी मी लिहिते आहे.

जागा: सह्याद्रीचा उतार वापरा

सपाट प्रदेशातल्या वर्षावनात जे मिळत नाही ते आपल्याला घाटात आयतं मिळतं. घाटरस्ता डोंगराच्या अंगानं जातो, त्यामुळे खालच्या दरीत उगवलेल्या झाडाचा शेंडा रस्त्याच्या कठड्याशी, अगदी डोळ्यांच्या पातळीला येतो. अंबोली घाट, तिलारीचा रामघाट, गोव्याकडे जाणारा चोर्ला घाट, सगळीकडे अशी वळणं सापडतात. गाडी वळणावर कधीच थांबवू नका. पुढे रुंद जागा बघून लावा आणि कठड्याच्या आतल्या बाजूनं चालत मागे या. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ त्यातल्या त्यात बरी. रहदारी कमी असते आणि ऊन शेंड्यांवर आडवं पडतं.

असा कठडा सापडला की एकच झाड निवडा आणि महिन्यातून एकदा तरी तिथंच या. दरवेळी नवी जागा शोधण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळी पालवी तांबडी-गुलाबी, मलूल लोंबणारी दिसेल. पुढे तीच हिरवी आणि कडक होते. कोवळ्या पानात अजून चिवटपणा नसतो, म्हणून अळ्यांचा सगळा रोख त्यावर असतो आणि अळ्या खाणारे पक्षी त्याच आठवड्यांत शेंड्यांवर गर्दी करतात. हे एका झाडावर बघितलं की मग रानभर ओळखू येतं.

घाट जवळ नसेल तर दोन पर्याय आहेत. गोव्यात कोटीगाव अभयारण्यात झाडावर बांधलेला निरीक्षण मनोरा आहे. आणि भीमाशंकर, महाबळेश्वरसारख्या वाऱ्याच्या माथ्यांवर रानच बुटकं असतं. तिथं अंजनी, जांभूळ, हिरडा यांचं छत खालच्या दऱ्यांतल्या छताच्या निम्म्या उंचीचंही नसतं, त्यामुळे मान फारशी वाकवावी लागत नाही.

सामानाचं थोडक्यात: ८×४२ ची दुर्बीण पुरे, त्याहून ताकदीची घेतली तर हात हलतो. वही-पेन्सिल, कारण पावसात पेनाची शाई उतरते. जुन्या धोतराचा किंवा पातळाचा मीटरभर पांढरा तुकडा. पावसाळ्यात जळवांसाठी लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी. अभयारण्यात किंवा तिलारीसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रात जाताना आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. तिलारीच्या रानाला हा दर्जा २०२० मध्ये मिळाला.

आधी खाली बघा

आमच्या शेजारच्या धनगरवाड्यावरचे एक आजोबा मला नेहमी म्हणत, "बाये, वर कित्याक बघतंस? पयला खाली बघ." त्यांची सगळी गुरं रानात चरायची आणि रानात कुठं काय पिकलंय हे त्यांना वर न बघता कळायचं. छताबद्दल मला जे सगळ्यात उपयोगी शिक्षण मिळालं ते हेच.

वरचं सगळं कधी ना कधी खाली येतं. पाकळ्या, अर्धी खाल्लेली फळं, विष्ठा, कुरतडलेल्या फांद्या, रिकामे कोष, अंड्यांची कवचं. झाडाखाली बसा आणि पाचोळा चाळायला लागा. मी मुलांना पहिली पंधरा मिनिटं वर बघूच देत नाही.

हिरव्या पानांचे शेंडेच्या शेंडे, अर्धवट चावून फेकलेले दिसले तर वानरांचा कळप जेवून गेलेला आहे. वानरं फार सांडतात. ती वर असताना खाली भेकर येतं, कारण एरवी त्याच्या तोंडाला न लागणारी पानं आणि फळं त्याला अशी मिळतात. तेव्हा वानरं दिसली की खालची झुडपंही बघा.

फळातला रस शोषून झाल्यावर उरलेला चपटा, दाबलेला चोथा एकाच जागी साचलेला दिसला तर रात्री तिथं फळं खाणारी वटवाघळं लटकली होती. त्यांचं जेवणाचं झाड आणि फळाचं झाड बरेचदा वेगळं असतं. फळ उचलायचं आणि दुसऱ्या सुरक्षित फांदीवर नेऊन खायचं, ही त्यांची पद्धत. म्हणून जांभळाच्या बिया जांभूळ नसलेल्या झाडाखाली मिळतात. मुलांना मी हा शोध स्वतः लावू देते. "बी इथं आलं कसं?" एवढंच विचारते आणि गप्प बसते.

दगडावर किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बियांनी भरलेली विष्ठा असेल तर ती बहुतेक कांडेचोराची (उदमांजराची). खोडाच्या बुंध्याशी ताजा लाकडी भुसा दिसला तर नजर सरळ वर न्या. तांबट नाहीतर सुतार पक्षी ढोली कोरतो आहे.

आणि एक खूण मी सगळ्यात काळजीनं शिकवते. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी एकाच बाजूला विष्ठा, फळांच्या साली, निरनिराळ्या झाडांच्या बिया यांचा ढीग आणि त्यातून उगवलेली रोपं दिसली, तर वर धनेशाची ढोली आहे असं समजा. जानेवारी ते मे या काळात मादी आत बसलेली असते. ती ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि फक्त उभी फट ठेवते. त्या फटीतून नर तिला, आणि नंतर पिल्लांनाही, भरवतो. तुम्ही खाली उभे राहिलात तर नर जवळच्या झाडावर येऊन थांबतो आणि ढोलीकडे जात नाही. आत असलेल्यांना तेवढा वेळ अन्न मिळत नाही. तेव्हा ढीग ओळखला की तिथं थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, जागेची माहिती समाजमाध्यमांवर टाकायची नाही. आल्या वाटेनं मागे फिरायचं. हा नियम मी कुणासाठीही वाकवत नाही.

आता तो पांढरा कपडा. वारा असलेल्या दिवशी दाट छताखाली तो अंथरा, चार कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि तासाभरानं काय पडलं ते बघा. पाकळ्या, परागांची पिवळी भुकटी, अळ्यांच्या काळ्या बारीक लेंड्या, मुंग्या, तुडतुडे, भुंगेऱ्यांचे पंख. अळ्यांच्या लेंड्या जास्त असतील तर वर कोवळी पालवी आहे, मग ती तुम्हाला दिसो न दिसो. टेरी अर्विन या कीटकशास्त्रज्ञानं पनामात याच कल्पनेवर काम केलं. त्यानं एकाच जातीच्या १९ झाडांच्या माथ्यांवर कीटकनाशकाचं धुकं सोडलं आणि खाली पडलेले कीटक गोळा केले. त्यात सुमारे १२०० प्रकारचे भुंगेरेच होते. त्यावरून १९८२ मध्ये त्यानं अंदाज बांधला की उष्ण कटिबंधातल्या कीटक-कोळी वर्गाच्या जाती तीन कोटींपर्यंत असाव्यात. हा आकडा पुढच्या अभ्यासांनी बराच खाली आणला. पण छतात किती जीव राहतात याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं ते त्या कामामुळे. आपल्याला धुकं नको, विष नको. वारा जे देईल ते पुरे.

फळलेल्या उंबराखाली एक सकाळ

एकच दिवस हाताशी असेल तर बाकी सगळं सोडा आणि फळलेला उंबर, पायर किंवा नांद्रुक शोधा. गावातल्या कुणालाही विचारा, लगेच सांगतील.

या झाडांचं महत्त्व त्यांच्या फुलांमुळे आहे. उंबराचं फळ म्हणतो ते आतून फुलांनी भरलेलं असतं. परागीभवनासाठी चिलटाएवढी गांधीलमाशी तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते, फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. तिची पुढची पिढी पराग घेऊन बाहेर पडते आणि तिला थोड्याच वेळात दुसरं योग्य अवस्थेतलं झाड गाठावं लागतं. साधारणपणे प्रत्येक जातीच्या झाडाची गांधीलमाशी वेगळी. तिचं आयुष्य अगदी थोडं असल्यामुळे रानातले सगळे उंबर एकदम फळून चालत नाही. कुठलं ना कुठलं झाड नेहमी फळावर असावंच लागतं. बाकीची झाडं रिकामी असतात त्या दिवसांत पक्ष्यांना आणि शेकरांना जे मिळतं ते यामुळे.

पहाटे उजाडायच्या आधी पोचा. बुंध्यापासून वीसेक मीटर दूर, सूर्याकडे पाठ करून, झुडपाच्या आडोशाला बसा. बोलायचं नाही, उठायचं नाही. वहीत चार रकाने आखा: कोण आलं, झाडाच्या कोणत्या उंचीवर बसलं, फळ आख्खं गिळलं की तोडून-चावून खाल्लं, आणि तिथंच खाल्लं की घेऊन उडालं. चारही रकाने भरायचा प्रयत्न करा. नुसती नावांची यादी केलीत तर पक्षी मोजून होतील, पण रान कळणार नाही.

उदाहरण देते. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो हिरव्या पानांत इतका मिसळतो की तुम्हाला आधी टपटप पडणारी फळंच दिसतील. हरियाल उंबर खातो, पण त्याच्या पोटातल्या गिरणीत त्या बारीक बिया बऱ्याचशा दळल्या जातात. राखी धनेश तेच फळ गिळतो आणि बिया धडधाकट टाकतो, तेही दूरवर. तांबट जवळच्या झाडांपर्यंत नेतो. एकाच फांदीवर शेजारी बसून खाणाऱ्यांपैकी कोण झाडाचं काम करतं आणि कोण नुसतं खाऊन जातं, हे तिसऱ्या-चौथ्या रकान्यातून कळतं. मला स्वतःला छताच्या अभ्यासात याहून गोड काही वाटत नाही.

पायर आणि नांद्रुकाचं आणखी एक बघण्यासारखं. पक्ष्यानं टाकलेलं बी दुसऱ्या झाडाच्या उंच बेचक्यात रुजतं. तिथं पाचोळ्याची थोडी माती साचलेली असते. वर ऊन भरपूर, म्हणून रोप छतातच वाढायला लागतं आणि मुळं खाली सोडतं. ती जमिनीला टेकली की जोर धरतं आणि मूळच्या झाडाला वेढून घेतं. घाटातल्या कठड्यावरून बघताना एखाद्या झाडाच्या माथ्यावर वेगळ्याच पानांचा झुपका दिसला तर दुर्बीण लावा. मूळ झाडाच्या पानांशी त्याचा मेळ बसत नसेल तर तो एक तर असा पायर-नांद्रुक असेल, किंवा बांडगूळ.

बांडगूळ आणि आमरी लोक एकाच टोपलीत टाकतात, ते बरोबर नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवतं आणि त्याचं पाणी घेतं. त्याची चिकट बी फुलटोच्या हा छोटा पक्षी पसरवतो. विष्ठेतून चिकटून बाहेर आलेली बी तो फांदीवर घासून काढतो आणि ती तिथंच रुजते. आमरी मात्र झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. पाणी पावसाचं, धुक्याचं. खत साचलेल्या पाचोळ्याचं. बाशिंग नावाचं नेचं तर स्वतःच पाचोळा धरतं. त्याची तळातली पानं सुकून तपकिरी झाली तरी गळत नाहीत, आणि त्यांच्या मागे वरून पडलेला पाचोळा अडकून कुजतो. आमरी फांदीवरून ओरबाडून घरी आणणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते, ती तुमच्या व्हरांड्यात बहुतेक जगत नाही आणि रानात तिची जागा रिकामी राहते.

पडलेली फांदी

जून-जुलैच्या वाऱ्यात मोठ्या फांद्या मोडून वाटेवर पडतात. तुम्हाला वर जाता येत नाही, पण ही फांदी छताचा तुकडाच असते. ताजी असतानाच बघा, चार दिवसांत सगळं सुकतं.

फांदीची वरची बाजू कुठली ते आधी ओळखा. शेवाळ आणि नेची तिकडेच दाट असतात. शेवाळाची गादी बोटानं हळूच उचला. खाली काळी, हलकी, भुसभुशीत माती लागेल. ती जमिनीवरून आलेली नाही. पानं, साल, विष्ठा आणि धूळ वरच कुजून तयार झालेली ती माती आहे. तिच्यात गोम, कोळी, वाळवीसारखे जीव आणि आमरीची मुळं एकत्र सापडतात. नलिनी नाडकर्णी या शास्त्रज्ञेनं अमेरिकेच्या वायव्येकडच्या ऑलिंपिक वर्षावनात दोरांनी मेपलच्या झाडांवर चढून या मातीचा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये दाखवून दिलं की झाडं स्वतःच्या फांद्यांमधूनच या मातीत मुळं सोडतात. म्हणजे जमिनीपर्यंत न जाता, आपल्याच खांद्यावर साचलेलं खत ती घेतात. आपल्या फांदीवर अशी मुळं आहेत का ते बघायला मुलांना लावा. झाडाच्या सालीतून निघालेलं मूळ आणि वरच्या आमरीचं पांढुरकं, जाड मूळ वेगळं ओळखता येतं.

बघून झाल्यावर आमरीचा भाग जवळच्या झाडाच्या बेचक्यात, जमिनीपासून उंच, टेकवून ठेवा. काही जगतात. घरी काही न्यायचं नाही.

डब्यांचा प्रयोग

अंबोलीत वर्षाला सरासरी ७००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. एवढं पाणी उघड्या उतारावर सरळ पडलं तर माती टिकणार नाही. छत त्याचं काय करतं हे घरच्या डब्यांनी मोजता येतं.

सरळ भिंतीचे, सारख्या तोंडाचे सहा डबे घ्या. बिस्किटांचे गोल पत्र्याचे चालतात. एक मोकळ्या मैदानात ठेवा, पाच छताखाली एकमेकांपासून दोन-तीन मीटरवर. खाली एकच डबा ठेवून भागत नाही. कारण पानांची टोकं जिथं जमतात तिथून धार पडते आणि हातभर पलीकडे कोरडं असतं. सर थांबल्यावर पट्टी बुडवून पाण्याची खोली मोजा आणि पाच डब्यांची सरासरी काढा. हलक्या सरीत खाली फार थोडं पोचलेलं दिसेल. पानं ओली होण्यातच ते संपतं आणि तिथूनच वाफ होऊन जातं. मुसळधार पावसात दोन्हीकडचे आकडे जवळ येतात. फरक पडतो तो पाणी कसं आणि कधी पोचतं यात. मैदानातला पाऊस थांबल्यानंतरही छताखाली बराच वेळ टपटपत राहतं.

खोडावरून उतरणारं पाणीही मोजता येतं. सायकलची जुनी ट्यूब लांबीत चिरून खोडाभोवती तिरकी गुंडाळा, वरचा काठ उघडा राहील अशी, आणि खोडाकडची कड मेणानं बंद करा. खालचं टोक कॅनमध्ये सोडा. खिळे मारायचे नाहीत. गुळगुळीत सालीच्या आणि फांद्या वर उचललेल्या झाडावर पाणी जास्त येतं, खरखरीत भेगाळ सालीवर कमी. त्याचा रंग चहासारखा तपकिरी असतो, कारण ते वरची धूळ, शेवाळ, विष्ठा धुऊन आणतं. हे पोषण नेमकं त्याच झाडाच्या मुळाशी पडतं.

पावसाळ्यातली रात्र

याबद्दल अंबोलीला येणारे लोक पुष्कळ ऐकून असतात, म्हणून थोडक्यात सांगते. मलबारी उडता बेडूक एरवी वरच राहतो, आणि फक्त पावसाळ्यात साचलेल्या पाण्याजवळ खाली येतो. पाण्यावर झुकलेल्या पानांवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर त्यात त्याची अंडी आहेत. काही दिवसांनी बेडकाची पिल्लं त्यातून सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात. बोटांमधले तांबडे-केशरी पडदे पसरून तो नऊ ते बारा मीटर तरंगत जातो. त्याला उडवून बघायला जाऊ नका, हातात धरू नका, फ्लॅश मारू नका. बॅटरीला लाल कागद लावा. आणि कुठल्याही फांदीवर हात टेकायच्या आधी प्रकाश टाकून बघा. चापडा साप हाताच्या उंचीवर निश्चल बसलेला असतो आणि तो विषारी आहे.

उडत्या सरड्यासाठी मात्र रात्रीची किंवा रानाचीही गरज नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पोफळीच्या बागांत तो दिवसाढवळ्या सापडतो. सकाळी ऊन आल्यावर पोफळीच्या खोडावर मुंग्या टिपत वर चढतो. नर गळ्याखालची पिवळी पताका उघडतो-मिटतो, त्यावरून लक्ष ठेवा. मग फासळ्यांवर ताणलेले पंख उघडून तो पुढच्या खोडावर जातो. मादी जमिनीवर येते ती बहुतेक अंडी घालण्यापुरतीच.

छताची सलगता मोजा

हे शेवटचं काम मला सगळ्यात निकडीचं वाटतं. छत दाट आहे की नाही याहून ते जोडलेलं आहे का, हा प्रश्न मोठा आहे.

शेकरू, आमच्याकडे शेकरो म्हणतात, भरल्या पोटी दोन किलोपर्यंत जातं आणि शेपटीसकट मीटरभर लांब असतं. जमिनीवर ते सहसा उतरत नाही. त्याची उडी सुमारे ६ मीटर. फांदीच्या बारीक टोकांवर काटक्या-पानांचे गोल गोळे दिसतात ती त्याची घरटी. एकाच शेकराची अनेक असतात, म्हणून घरटी मोजून शेकरं मोजू नका. त्याच्यासाठी भीमाशंकरला १९८५ मध्ये अभयारण्य झालं. पण अभयारण्याबाहेर, आमच्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात, त्याचा रस्ता खासगी जमिनीवरून जातो.

मोजायचं असं. जाड कागदाची हातभर लांब नळी करा आणि तोंडावर दोरा उभा-आडवा बांधा. पायवाटेनं दर दहा पावलांवर थांबून नळीतून सरळ वर बघा. दोरे जिथं एकमेकांना छेदतात तिथं पान किंवा फांदी आहे की आकाश, एवढंच लिहा. अशा शंभर नोंदी घेतल्या की छताची टक्केवारी हाती येते. हीच मोजणी मे महिन्यात आणि सप्टेंबरात करा. किंजळ, ऐन यांच्यासारखी पानझड झाडं किती आहेत ते फरकावरून कळेल. मग हीच नळी काजूच्या बागेत, रबराच्या लागवडीत आणि देवराईत घेऊन जा. आमच्या मुलांनी हे केलं आणि त्यांच्या लक्षात आलं की रबराखाली टक्केवारी चांगली येते, पण तिथं घरटं नाही, फळ नाही, आमरी नाही, आणि पानगळीच्या दिवसांत सगळंच उघडं पडतं. म्हणून टक्केवारीसोबत झाडांच्या किती जाती दिसल्या तेही लिहा. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर आणि झाडांच्या पालवी-फुला-फळांच्या नोंदी सीझनवॉच या उपक्रमात टाकता येतात.

तुमची स्वतःची जमीन रानाला लागून असेल तर नळी घेऊन बांधावर उभे राहा आणि रानाची शेवटची फांदी व तुमच्या बागेतली पहिली फांदी यांच्यात किती अंतर आहे ते डोळ्यांनी मोजा. ६ मीटरच्या वर गेलं तर शेकराला तिथं उतरावं लागतं आणि खाली कुत्री असतात. नवी बाग लावताना बांधावरचा उंबर, नांद्रुक, जांभूळ, सातवीण तोडू नका. साफसफाई करताना दोन झाडांमधून गेलेली गारंबीची जाड वेल माणसं आधी कापतात, ती ठेवा. शेकरू, वानर, कांडेचोर सगळे तिच्यावरून जातात. मध्ये रस्ता किंवा विजेची तार आलीच असेल तर दोन्ही बाजूंना लवकर पसरणारं देशी झाड लावा. ते भरेपर्यंत वाडीतल्या लोकांना आणि तुमच्या पंचायतीला विचारून झाडाच्या दोन फांद्यांना काथ्याचा जाड दोर बांधता येतो, मात्र तारेपासून पुरेसा दूर आणि वीज मंडळाच्या माणसाला दाखवूनच. दर पावसाळ्यानंतर तो कुजला नाही ना ते तपासून बदला.